आपल्या लोकांत हे होत नाही

राऊ, इंदूर
जानेवारी २००२

प्रिय दादा,

जयभीम.

पत्र वाचायची तुझी पद्धत मला माहीत आहे. आधी शेवट बघायचा, काम काय आहे ते हेरायचं आणि मधला मजकूर सवडीनं वाचायचा. ती सवड तुला मिळत नाही. या वेळी काढ. पूर्वाच्या जन्मानंतर फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर मी तुला अक्षर लिहिलं नाही आणि तूही मला नाही. तुझं आईच्या तोंडून कळतं, माझंही तुला तसंच कळत असेल. माझा राग गेलेला नाही. गेल्या आठवड्यात तो नव्यानं उफाळला आणि त्या रागातच हे लिहितेय. गोड लिहायला बसले तर खरं लिहायचं राहून जाईल.

आई बरी आहे. राऊचं घर तिला अजून आपलं वाटत नाही. सकाळी गॅलरीत उभी राहून म्हणते, इथं भोंगा ऐकू येत नाही. मी म्हणते, आई, आता आपल्या जुन्या परदेशीपुऱ्यातही भोंगा वाजत नाही, कुठल्याच मिलचा वाजत नाही. महू रोडला कॉलेजांच्या पाट्या एवढ्या लागल्यात की शेतं दिसेनाशी झाली. तुझ्या मेहुण्याची, ज्ञानदीपची बदली टळली, पूर्वा बालवाडीत जाते आणि माझ्याशी मराठी, शेजारणीशी हिंदी आणि स्वतःशी दोन्ही मिसळून बोलते. गोपीनाथकाका आठवतात ना, बाबांच्या शेजारच्या साच्यावर कापड विणणारे? ते आता एका बँकेच्या एटीएमबाहेर निळा युनिफॉर्म घालून स्टुलावर बसतात. मला बघितलं की उभे राहतात. 'बैठो काका' म्हटलं तरी बसत नाहीत. मागच्या खेपेला म्हणाले, 'नंदू, पंचू विलायतेत एवढा बडा डॉक्टर झाला, अपने पूरे मिल का नाम झालं.' मी मान हलवली आणि पैसे न काढताच घरी आले.

तुला बाबांचं सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. तू आलास तेव्हा राख गोळा झालेली होती. तुला आम्ही जे सांगितलं ते तू ऐकलंस आणि त्यात जे बसत नव्हतं ते सोडून दिलंस. म्हणून आता मी पहिल्यापासून सांगते.

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तोपर्यंत बाबांना आणि त्यांच्यासारख्या शेकडो लोकांना वाटत होतं की आज ना उद्या गेट उघडेल, कारण आत साचे उभे होते. 'मशीन अंदर है तो मिल ज़िंदा है,' असं गोपीनाथकाका म्हणायचे आणि बाबा ते घरी येऊन आईला ऐकवायचे. मग एक दिवस साचे भंगारात निघाले. ट्रक आत गेले, बाहेर माणसं जमली. बाबा पुढे होते. कोणी मारामारी केली नाही, दगड उचलला नाही, नुसते गेटात उभे राहिले. भरलेला ट्रक बाहेर निघाला, गर्दी हलली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि वर नीट न बांधलेली साच्याची एक लोखंडी चौकट घसरून बाबांच्या उजव्या पायावर आली. ज्या खात्यात त्यांनी जवानी घालवली त्याच खात्यातलं लोखंड. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. विमा दवाखान्याची सोय मिलबरोबरच गेलेली, म्हणून आम्ही त्यांना स्नेहलतागंजमधल्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टर कृष्णरावांनी हाड बसवलं, मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि पलंगावरून हलायचं नाही म्हणून सांगितलं.

बाबा हलले नाहीत. तुला माहीत आहे, डॉक्टर या माणसावर त्यांचा किती विश्वास. त्यांचा मुलगाच डॉक्टर होता. घरी आणल्यावर पलंगावर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तुझी तीच गोष्ट सांगायचे. तू आठवीत असताना गणिताच्या मास्तरनं भर वर्गात म्हटलं होतं, 'तुम लोगों के खून में ही पढ़ाई नहीं है,' आणि तू उठून म्हणाला होतास, 'सर, मेरा पेपर देखिए, मेरा खून नहीं.' हे सांगताना बाबांचा आवाज चढायचा. ऐकणारा बिचारा पाय बघायला आलेला असायचा आणि तुझं कौतुक ऐकून परत जायचा. मला ती गोष्ट पाठ होती, तरी मी दर वेळी ऐकायची. आता आठवली की माझ्या डोक्याची शीर तडतडते. का ते पुढे कळेल.

तिसऱ्या आठवड्यात प्लास्टरच्या वर मांडी सुजली. फक्त उजवी. कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि हात लावला तर तव्यासारखी गरम. डावी मांडी मात्र वाळलेल्या काठीसारखी. बोटं निळसर दिसायची. बाबा म्हणायचे, दुखतंय ते हाडाचं दुखणं नाही, आत कोणीतरी पिळतंय. कृष्णराव घरी आले, प्लास्टर थोडं कापून सैल केलं. सूज उतरली नाही. मग ते मला बाहेर ओट्यावर घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, 'बेटा, मला जरा शंका येतेय. शिरेत रक्त गोठलं असेल तर ती गाठ सुटून फुप्फुसात जाते. किताबों में पढ़ा है, देखा नहीं कभी. रक्त पातळ करायची सुई सुरू करावी का, या विचारात आहे मी. पण उलटं झालं, कुठे रक्त वाहू लागलं तर इथं ते सांभाळायची सोय नाही. तुमचे भाऊ विलायतेत आहेत ना? त्यांना विचारा. ते म्हणाले तर मी आजच सुरू करतो.'

हे वाक्य मी तुला आजवर सांगितलेलं नाही. पुन्हा वाच. ते म्हणाले तर मी आजच सुरू करतो.

मी धावत चौकातल्या बूथवर गेले. आठवतो तुला तो फोन? तू वॉर्डातून बोलत होतास, मागे कोणीतरी इंग्रजीत हसत होतं. तू सगळं बरोबर विचारलंस, दादा, म्हणून तर मला आणखी राग येतो. एकच पाय आहे का? गरम आहे का? बोटं निळी आहेत का? किती दिवस झोपून आहेत? मी एकेकाचं हो-हो उत्तर देत गेले. मला वाटलं, आता तू सुईचं नाव सांगणार. तू म्हणालास, 'इथे असा पेशंट आला असता तर मी आधी सुई दिली असती आणि मग तपासण्या केल्या असत्या.' मी म्हटलं, मग देऊ म्हणून सांगू त्यांना? आणि तू जरा हसून म्हणालास, 'अगं नाही. हा गोऱ्यांचा आजार. आपल्या लोकांत हे होत नाही. मी इंदूरला इतकी वर्षं काढली, एक केस नाही पाहिली. प्लास्टरची सूज असेल, पाय उंच ठेवा. उगाच रक्त पातळ करून बसाल.'

मी परत आले आणि कृष्णरावांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. 'हां, विलायतेचे डॉक्टर म्हणतात तर ठीकच,' असं म्हणाले आणि पायाखाली दोन उशा द्यायला सांगून गेले. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांना म्हटलं, दादा म्हणतोय काही नाही. बाबा इतके खूष झाले की त्या दिवशी दुखतंय म्हणालेच नाहीत.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळ होती, गोपीनाथकाका आले होते. बाबांना उन्हात बसायचं होतं, कृष्णरावांनी आदल्या दिवशी कुबड्यांची परवानगी दिली होती. काकांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. दारापर्यंत गेलो आणि बाबा थांबले. मला वाटलं दमले. ते म्हणाले, 'नंदू, हवा येत नाहीये.' दार सताड उघडं होतं, समोर ऊन पडलं होतं, आणि माझा बाप म्हणत होता हवा येत नाहीये. ओठ काळे पडत गेले. काका ओरडले, 'बाबूराव, अरे बैठ जा, बैठ जा,' आणि बाबा माझ्या अंगावर कोसळले. टेम्पोत घातलं, पण स्नेहलतागंज येईपर्यंत सगळं संपलं होतं. कृष्णरावांनी डोळे तपासले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, हृदय बंद पडलं. तू आलास, ते ऐकलंस आणि विहारात शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना समजावून सांगितलंस की धक्का आणि चिंता यांनी अटॅक आला. लोकांनी माना डोलावल्या. मिलनं बाबूरावला खाल्लं असं म्हणत गेले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

मी तेव्हा तुझ्यावर शंका घेतली नाही. मला काय कळत होतं? मला ते माझ्या स्वतःच्या पायानं शिकवलं.

पूर्वा झाली तेव्हा सिझेरियन झालं. आईनं रीतीप्रमाणे मला पलंगाला खिळवून ठेवलं, खाली पाय टेकू दिला नाही. काही दिवसांनी डावी पोटरी दुखू लागली, मग सुजली. मी हात लावून बघितलं आणि तो गरमपणा माझ्या हाताला ओळखू आला. जिथे बाळंत झाले होते तिथे गेले. तिथले मोठे डॉक्टर खुर्चीतून न उठता म्हणाले, 'नस चढ़ गई होगी. खून का थक्का? वो अपने लोगों में नहीं होता.' दादा, रक्ताच्या गाठीबद्दल शब्दसुद्धा तेच. मी तिथे तमाशा केला. हो, चांगला आरडाओरडा केला, बाळ कडेवर, टाक्यांतून कळा येत होत्या, ज्ञानदीप लाजून मला ओढत होता आणि मी टेबलावर हात आपटून म्हणत होते, 'अपने लोग कौन? मेरे पिताजी अपने नहीं थे क्या? उनको हुआ था. मशीन में डालके देखो, फिर बोलो.' शेजारच्या खोलीतून एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, डॉक्टर प्रेमलता. त्यांनी एवढंच विचारलं, 'पिताजी का क्या हुआ था?' मी सांगितलं. त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून नव्या सोनोग्राफी सेंटरला नेलं. पडद्यावर शीर दिसत होती आणि तिच्यात काळा बोळा बसलेला. मांडीपर्यंत चढलेला. पोटात सुया टोचल्या, नंतर कित्येक महिने गोळ्या घेतल्या. मी जगले.

बरी झाल्यावर मी त्यांना तुझं वाक्य सांगितलं. त्यांनी तुला शिव्या दिल्या नाहीत, मी दिल्या असत्या तर त्यांनी ऐकून घेतल्या असत्या एवढंच. त्या म्हणाल्या, फरक आहे, हे खोटं नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत हे जास्त दिसतं, गोऱ्यांत त्याखालोखाल, आशियातल्या लोकांत कमी. गोऱ्यांच्या रक्तात जो दोष घराण्यातून येतो तो आपल्याकडे क्वचित सापडतो, पण आपल्याकडे दुसरे दोष असतात. 'और कम का मतलब नहीं, ऐसा तो नहीं होता ना,' असं त्या म्हणाल्या. 'शिवाय यहाँ ढूँढा किसने? प्लास्टरवाला मर गया तो हार्ट, डिलिव्हरीवाली मर गई तो हार्ट. पोस्टमॉर्टेम घरवाले करने नहीं देते, डॉक्टर माँगते नहीं.' तेव्हा मला कळलं की तू इंदूरला एकही केस का पाहिली नाहीस. तू पाहिल्या असशील, दादा. त्यांच्या कागदावर दुसरं काही लिहिलं असेल.

तेव्हा मी तुला फोन केला होता. त्या वेळी मी भांडायला फोन केला नव्हता, रडायला केला होता. तू म्हणालास, बाळंतपणात कोणालाही होऊ शकतं, त्याचा बाबांशी संबंध जोडू नकोस, पुरावा काय? मी म्हटलं, मुंबईला रक्त पाठवलं होतं, रक्त गोठू न देणारं एक प्रोटीन माझ्यात कमी निघालंय. तू म्हणालास, गरोदरपणात ते कमी होतंच, बेसिक गोष्ट आहे. मी फोन आपटला. तुझं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हे नंतर प्रेमलतांनीही मला सांगितलं. पण तू शास्त्र बोलत नव्हतास. तू स्वतःला वाचवत होतास.

मला एक समजत नाही. तुझ्यासारख्या मुलानं हे कसं केलं? ज्यानं भर वर्गात मास्तरला सांगितलं की सगळ्या जमातीचं काय ते मला चिकटवू नका, माझा पेपर बघा, त्याच मुलानं स्वतःच्या बापाचा पाय बघायच्या आधी त्याची जमात बघितली. गोऱ्या म्हाताऱ्याला सुई आणि आपल्या बापाला दोन उशा. तो मास्तर आपल्याला कमी लेखत होता आणि तू आपल्याला निरोगी समजत होतास, एवढाच काय तो फरक. बाबा दोन्हीकडून गेले. मिलमध्येही त्यांना कोणी एकट्याला कधी ओळखलं नाही, कामगार म्हणून ओळखलं. निदान पोटच्या पोरानं तरी ओळखायला हवं होतं. हे मला आई समोर नसतानाच लिहिता येतं. आईला कृष्णरावांचं ते बोलणं माहीत नाही आणि मी जिवंत आहे तोवर कळणार नाही, म्हणून तूही तिला काही विचारू नकोस.

आता हे आज का लिहितेय ते सांगते. गेल्या आठवड्यात सुमनवहिनींचा फोन आला. आईनं फोन ठेवला आणि हसत हसत मला सांगितलं की पंचूचा बॅडमिंटन खेळताना घोटा मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, तरी पुढच्या महिन्यात कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या मेळाव्याला तो येणारच आहे. तिथला डॉक्टर म्हणत होता, एवढा लांबचा विमानप्रवास आहे तर सुया टोचून घे, पण पंचू म्हणाला नको, आपल्या लोकांत हे होत नाही. आईला त्याचं कौतुक वाटलं, माझ्या हातातून परात पडली. दादा, ऐक. गोळ्या बंद होऊन बरेच महिने गेल्यावर मी ते प्रोटीन पुन्हा तपासून घेतलं. पूर्वा दोन वर्षांची झाली होती, बाळंतपणाचं कारण उरलं नव्हतं. ते अजूनही कमीच आहे. मग आईचंही रक्त पाठवलं, साखर तपासायची आहे असं सांगून. तिचं व्यवस्थित आहे. म्हणजे माझ्यात हे बाबांकडून आलं. तू पुरावा मागत होतास, हा घे. आणि प्रेमलता म्हणतात, जे माझ्यात आलं ते तुझ्यात असायची शक्यता निम्मी आहे. फोन केला असता तर आपण पुन्हा भांडलो असतो आणि हे सांगायचं राहिलं असतं, म्हणून कुरिअरनं पाठवतेय, आणि दुसरी प्रत वहिनींच्या नावानं, कारण माझा तुझ्यावर भरवसा नाही. उद्याच्या उद्या तुझ्या डॉक्टरकडे जा. तुझं मागचं बोलणं ऐकून आता त्यानंही मान हलवली तर त्याला भारतात काय होतं आणि काय होत नाही ते सांगत बसू नकोस. बाबूरावांचा मुलगा आणि नंदिनीचा भाऊ आहेस एवढं सांग, दोघांचं काय झालं ते सांग, रक्त तपासून घे आणि सुया टोचून घे. तो नको म्हणाला तर विमानात बसू नकोस. मला तुला समोर बसवून हे सगळं तोंडावर म्हणायचं आहे, एकदा पोटभर भांडायचं आहे. बाबांशी मला शेवटचं बोलताही आलं नाही. तू जिवंत ये.

तुझीच,
नंदू